डिझेल हवं होतं, घेतलं पेट्रोल: एका पिकअपच्या इंजिननिवडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण उत्तर अमेरिकेतलं आहे. तिथे एकाच पिकअपला तीन-चार वेगवेगळी इंजिनं मिळतात, त्यामुळे गाडी ठरली तरी इंजिन ठरायचं बाकी राहतं. माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गाडीचा वापर, वजनं आणि निर्णय जसेच्या तसे ठेवले आहेत.

गाडीमालक घरदुरुस्तीची आणि छोट्या पायाभरणीची कामं घेतात. सोबत दोन माणसं, मागे हत्यारं, आणि महिन्यातून दोन-तीनदा ट्रेलरवर छोटा एक्स्कव्हेटर. धंद्याचा हिशेब त्यांच्या पत्नी बघतात. इंधन, टायर, विमा, सगळं त्यांच्या वहीत असतं. या प्रकरणातले सगळ्यात कळीचे दोन प्रश्न त्यांनीच विचारले, हे आधीच नोंदवून ठेवतो.

जुन्या पिकअपला व्ही-८ (आठ सिलिंडरांचं) पेट्रोल इंजिन होतं आणि हायवेवर निवांत चालताना निम्मे सिलिंडर बंद ठेवून इंधन वाचवायची सोय होती. सुमारे १,९०,००० किमीला इंजिनातून टकटक सुरू झाली. आधी फक्त सकाळी, मग दिवसभर. खोलल्यावर दिसलं की एक लिफ्टर (कॅमशाफ्टचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारा भाग) अडकलाय आणि त्याच्या रोलरने कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्याचा, उंचवटा खाऊन टाकलाय. सिलिंडर बंद करणाऱ्या लिफ्टरच्या आत ऑइलच्या दाबावर सरकणाऱ्या बारीक पिना असतात. ऑइल घाण झालं, दाब कमी पडला किंवा पीन अर्धवट अडकली की लिफ्टर कॅमबरोबर नीट चालत नाही आणि मग लोखंडावर लोखंड घासतं. इंजिनकाम निघालं, आणि गाडी भर कामाच्या दिवसांत गॅरेजात पडून राहिली.

अडचण

माझ्याकडे सल्ल्यासाठी आले तेव्हा मालकांचं जवळजवळ ठरलेलं होतं. "व्ही-८ पुन्हा नको. डिझेलला मरण नाही म्हणतात. तुम्ही फक्त सांगा, सगळ्यात भरवशाचं डिझेल कुठलं?"

दुधाने तोंड पोळलं होतं, त्यामुळे ताक फुंकून पिणं समजण्यासारखं होतं. पण पोळलं होतं ते लिफ्टरमुळे, आणि राग निघत होता आठ सिलिंडरांवर. हे दोन वेगळे करणं हे पहिलं काम.

दुसरं काम म्हणजे गाडी खरोखर कशी चालते ते कागदावर आणणं. इंजिनाबद्दल कुणी विचारलं की मी आधी वापराची नोंद मागतो. दिवसातून किती वेळा स्टार्टर मारता, प्रत्येक वेळी किती अंतर जाता, इंजिन चालू ठेवून किती वेळ उभे राहता, मागे किती वजन असतं. मालकांना हा वेळकाढूपणा वाटला. पत्नींनी मात्र दोन आठवड्यांची नोंद व्यवस्थित करून पाठवली.

त्यातून जे चित्र निघालं ते त्यांनी तोंडी सांगितलेल्या चित्राशी जुळत नव्हतं. "आमची गाडी दिवसभर रस्त्यावर असते" हे खरं होतं, पण कशी? घर ते साइट सहा-सात किलोमीटर. साइट ते सामानाचं दुकान तीन-चार. दिवसातून सहा-सात वेळा स्टार्ट-बंद. थंडीत जेवणाच्या वेळी हीटरसाठी इंजिन उभ्या उभ्या चालू. म्हणजे महिन्यातले बहुतेक दिवस इंजिन पुरतं तापतच नाही, आणि उरलेल्या दोन-तीन दिवशी त्याच इंजिनाला अडीच टनांचा ट्रेलर चढावर ओढावा लागतो. वापराचे हे दोन टोकाचे प्रकार एकाच गाडीत आले की निवड अवघड होते.

समोरचे पर्याय

जुन्याच गाडीत इंजिन नव्याने बांधून घालायचा पर्याय होता. चासीला खालून गंज लागला होता आणि गिअरबॉक्सही गिअर बदलताना झटका देऊ लागला होता. नव्या इंजिनाला जुनं सगळं जोडायचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तो विषय तिथेच संपला.

हायब्रिडचाही विचार झाला, पण आसपास त्या प्रणालीवर हात टाकणारा मेकॅनिक नव्हता. प्रत्येक तक्रारीला गाडी कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला न्यावी लागली असती. धंद्याच्या गाडीला ते परवडत नाही.

मग उरले चार.

पहिलं, हलक्या वर्गातल्या पिकअपमधलं तीन लिटरचं डिझेल. ओढायची ताकद इंजिनाच्या कमी आरपीएमवरच मिळते आणि ट्रेलर लावूनही अ‍ॅव्हरेज चांगलं पडतं.

दुसरं, दोन टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे पंखे) असलेलं व्ही-६ पेट्रोल. कागदावरचे आकडे मोठे. समुद्रसपाटीपासून वर जाल तसं टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला अंदाजे दहा टक्के ताकद गमावतं. टर्बोवाल्याला ती झळ बरीच कमी बसते. पण मालकांची कामं सपाट भागातली, चढ आहेत ते छोटे. त्यामुळे हा फायदा त्यांच्या कामाचा नव्हता.

तिसरं, हलक्या वर्गातलंच मोठं व्ही-८, पण पुन्हा सिलिंडर बंद करणारं. जनरल मोटर्सने २०१९च्या मॉडेलपासून ही सोय आणखी पुढे नेली. तिथे सिलिंडर चालू-बंद करायचे १७ प्रकार आहेत. इंधन वाचतं यात शंका नाही. ज्याने एकदा लिफ्टरपायी हंगाम घालवला आहे त्याला हे कसं पटवायचं, हा प्रश्नच होता.

चौथं, एक वर्ग वरच्या, वजनदार पिकअपमधलं व्ही-८ पेट्रोल. टर्बो नाही, सिलिंडर बंद होत नाहीत, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, आणि इंधन थेट सिलिंडरमध्ये न जाता इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या मार्गात, फवारलं जातं (पोर्ट इंजेक्शन). बोनेट उघडून बघणाऱ्याला वीस वर्षांपूर्वीचं इंजिन वाटावं. मालकांनी पहिल्या यादीत हे धरलंच नव्हतं. "एवढी मोठी गाडी काय करायची" म्हणून.

निर्णयाची वळणं

डिझेल यादीतून कसं गेलं ते जरा सविस्तर सांगतो, कारण "डिझेलला मरण नाही" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. एका काळी ते खरं होतं. आजच्या डिझेलचा गाभा, म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन, अजूनही दणकट असतो. मरण येतं ते त्याच्या मागे टांगलेल्या सामानाला. सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, तो काजळी अडवतो. साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावा लागतो आणि त्यासाठी गाडी साधारण २० ते ३० मिनिटं सलग चालायला लागते. सहा किलोमीटरवर इंजिन बंद केलं की जळण अर्धवट राहतं. पुढच्या वेळी पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट. बऱ्याच इंजिनांत ही उष्णता निर्माण करायला सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतात. त्यातलं काही भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ होतं. शिवाय नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला फवारायचं युरियाचं द्रावण उणे ११ अंशांला गोठतं. टाकीला हीटर असतो, म्हणजे बिघडायला आणखी एक वस्तू.

मालकांची नोंदवही समोर ठेवली आणि विचारलं, सलग अर्धा तास गाडी चालली असे दिवस किती? ट्रेलरचे सोडले तर जवळजवळ नाहीच. वर अशा एका तीन लिटरच्या डिझेलमध्ये ऑइल पंप फिरवणारा पट्टा इंजिनाच्या मागच्या अंगाला बसवलेला होता. तो सुमारे २,४०,००० किमीला बदलायचा आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायचा. हे एकटं कारण नकाराला पुरेसं नव्हतं. पण "डिझेल म्हणजे घेतलं आणि विसरलं" ही समजूत त्याने मोडली.

दुसरं वळण रिकॉलचं, म्हणजे दोष निघाल्यावर कंपनीने गाड्या परत बोलावण्याचं. हा निर्णय २०२४च्या अखेरचा. त्याच वर्षी मे महिन्यात टोयोटाने २०२२-२३च्या टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे १,०२,००० गाड्या परत बोलावल्या होत्या. ज्या कंपनीचं नाव भरवशासाठी घेतलं जातं तिचं नवं दोन टर्बोचं व्ही-६, आणि कारण काय, तर कारखान्यात इंजिन कोरताना निघालेला धातूचा कीस आत राहिला. तो मेन बेअरिंगपर्यंत गेला की इंजिन ठोके देतं किंवा चालता चालता बंद पडतं. मालक म्हणाले, "म्हणजे टर्बो वाईटच ना?"

तसं नाही. रिकॉल वाचताना मी एकच गोष्ट शोधतो: दोष बनवण्यातला आहे की आखणीतला? कीस राहणं हा बनवण्यातला दोष. तो त्या त्या काळात तयार झालेल्या इंजिनांपुरता असायला हवा. लिफ्टर अडकणं वेगळं. तिथे भागाची रचनाच नाजूक, त्यामुळे कुठल्या तारखेनंतरची गाडी सुरक्षित हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून दोन टर्बोचं व्ही-६ मी रिकॉलसाठी खोडलं नाही. खोडलं ते वयासाठी. पिकअपमध्ये हे इंजिन येऊन जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती आणि लाख-दीड लाख किलोमीटर ट्रेलर ओढून झाल्यावर ते कसं दिसतं हे सांगायला पुरेशी इंजिनं अजून कुणी खोललीच नव्हती.

तिसरं वळण पत्नींच्या प्रश्नाचं. शोरूममध्ये सगळे बोनेटखाली वाकलेले असताना त्यांनी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा-पांढरा स्टिकर वाचला आणि विचारलं, "यात हा जो वजनाचा आकडा आहे, त्यात आमची माणसं पण धरायची का?"

धरायची. माणसं, हत्यारं, आणि ट्रेलरचा जो भार हुकावर टेकतो तो, सगळं त्यातच. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं ते ओढायचं वजन. पण गाडी बहुतेक वेळा त्याआधी पेलोडला, म्हणजे स्वतःच्या अंगावर पेलायच्या वजनाला, अडते. हिशेब तिथेच, फोनच्या मागे कागद धरून केला: एक्स्कव्हेटर आणि ट्रेलर मिळून २,५०० किलो, त्याचा सुमारे १२ टक्के भार हुकावर, म्हणजे ३००. तीन माणसं २५०. हत्यारं आणि इंधनाचे कॅन २००. बेरीज ७५०. समोरच्या, चामड्याच्या सीटा आणि काचेचं छप्पर असलेल्या डिझेल पिकअपच्या स्टिकरवर ६९० होते.

एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे हे आकडे वेगळे निघतात, कारण जड इंजिन आणि प्रत्येक सोय पेलोड खाते. साध्या बांधणीतली हलक्या वर्गातली व्ही-८ पिकअप ८२०वर होती. चालली असती, पण जेमतेम. वजनदार वर्गातली गाडी दीड हजाराच्या पुढे. इंजिन निवडायला गेलो आणि निम्मा निकाल त्या स्टिकरने लावला.

शेवटचं वळण इंधनाचं, आणि तेही पत्नींनीच आणलं: वजनदार गाडी रिकामी असताना किती पिणार? हे सोपं उत्तर नव्हतं. पोर्ट इंजेक्शनचं मोठं व्ही-८ छोट्या फेऱ्यांत पेट्रोल ढोसतं. त्याच्या बदल्यात मिळतं ते इतकंच: इनटेक व्हॉल्व्हवर इंधन पडत राहिल्याने तिथे कार्बन साठत नाही, टर्बो नसल्याने त्याच्या बेअरिंगमध्ये ऑइल जळत नाही, आणि न तापणाऱ्या इंजिनात थेट इंजेक्शनच्या मानाने ऑइलमध्ये पेट्रोल कमी मिसळतं. त्यांनी जुन्या वहीतून इंजिनकामाचा आणि बुडालेल्या कामांचा आकडा काढला, पाच वर्षांच्या जादा इंधनाशेजारी लिहिला, आणि वही नवऱ्यापुढे सरकवली. पुढे फारशी चर्चा झाली नाही.

केलेली कृती

चौथा पर्याय घेतला. इंजिन तेव्हा उत्पादनाच्या पाचव्या वर्षात होतं. बांधणी साधी, एक्सलचं गुणोत्तर ३.७३, आणि कारखान्यातूनच ट्रेलरचं पॅकेज, म्हणजे गिअरबॉक्स ऑइलचा जादा कूलर धरून. ओढणाऱ्या गाडीत इंजिनाआधी गिअरबॉक्स जातो, आणि जातो तो उष्णतेने. इंजिनावर महिना महिना खल करून कूलरवर बचत करणारे लोक मी पाहिले आहेत.

टेस्ट ड्राइव्ह दुपारी घ्यायला विक्रेता तयार होता. आम्ही सकाळी, रात्रभर उभ्या गाडीचा मागितला. तापलेलं इंजिन सगळ्यांचंच गोड बोलतं. बोनेट उघडं ठेवून पहिला स्टार्टर मारला, आणि मालक चाकाच्या खाचेजवळ कान देऊन उभे राहिले. मग चासी नंबर टाकून उघडे रिकॉल तपासले, आणि ज्या स्वतंत्र गॅरेजमध्ये गाडी पुढे जाणार होती तिथल्या मेकॅनिकला विचारलं, "हे इंजिन तुझ्याकडे कशासाठी येतं?" तो म्हणाला, प्लग आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (सिलिंडरांमधला धूर एकत्र करणाऱ्या नळाचे) बोल्ट. दोन्ही बाहेरून हात पोचणारी कामं.

घेतल्यावर पुस्तिकेत सांगितलेलं सुरुवातीचं अंतर होईपर्यंत ट्रेलर लावला नाही. ऑइलसाठी डॅशबोर्डवरच्या दिव्याची वाट न बघता पुस्तिकेतलं कडक वापराचं वेळापत्रक पकडलं. छोट्या फेऱ्या, उभ्याने चालणं, ओढणं, यातलं एक जरी असलं तरी ते लागू होतं. इथे तिन्ही होतं. पहिल्या हिवाळ्यानंतर काढलेल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला.

निष्पत्ती

गाडी घेऊन दीड वर्ष होत आलं आणि पस्तीस हजार किलोमीटर झाले. ऑइलच्या अहवालात झिजेचा धातू नव्या इंजिनाला शोभेल इतकाच होता, पण पेट्रोल थोडं जास्त मिसळलेलं निघालं. थंडीत उभ्याने इंजिन चालू ठेवायची सवय गेली नव्हती. हिवाळ्यातलं ऑइल लवकर बदलायचं ठरलं आणि दुपारच्या जेवणाला केबिनसाठी वेगळा हीटर आला.

एकदा मात्र मालकांच्या पोटात गोळा आला. सकाळी स्टार्ट केल्यावर टकटक, आणि तापल्यावर बंद. जुन्या गाडीची सुरुवात अगदी अशीच होती. त्यांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला आणि खाली लिहिलं, "झालं पुन्हा सुरू." मेकॅनिकने टॉर्च मारून दाखवलं: मॅनिफोल्डच्या शेवटच्या बोल्टचं डोकं उडालेलं, बाजूला काजळीचा काळा पट्टा. थंड असताना फटीतून एक्झॉस्ट फुरफुरतो, लोखंड तापून फुगलं की फट बुजते. काम वॉरंटीत झालं.

इंधनाचा खर्च अंदाजापेक्षा जास्त आला. रिकामी गाडी खड्ड्यात आपटते, ही कामगारांची तक्रार कायम आहे.

यादीतून गेलेल्या पर्यायांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. एप्रिल २०२५मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनाच्या, २०२१ ते २०२४ मॉडेलच्या सुमारे ७,२१,००० गाड्या परत बोलावल्या. कारण क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमधले दोष. तपासणीत पास झालेल्या गाड्यांना आधीच्या ०डब्ल्यू-२० ऐवजी जाड ०डब्ल्यू-४० ऑइल दिलं गेलं. आमच्या यादीतल्या तिसऱ्या पर्यायात हेच इंजिन होतं. आम्ही ते सोडलं होतं लिफ्टरसाठी, क्रँकची गोष्ट मनातही नव्हती. त्यामुळे दूरदृष्टीचं श्रेय इथे कुणाला जात नाही. आणि नोव्हेंबर २०२५मध्ये टोयोटाचा किसाचा रिकॉल आणखी सुमारे १,२७,००० गाड्यांपर्यंत वाढला. बनवण्यातला दोष तारखांमध्ये बांधलेला असतो, या माझ्या कसोटीला त्याने तडा दिला. कसोटी अजून वापरतो, पण कंपनीने जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेनंतर लगेच तयार झालेली गाडी आता सुचवत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मोठा प्रश्न एकच राहिला, आणि तो इंजिनाचा नाही. एक्स्कव्हेटर महिन्यातून दोन-तीनदाच हलतो. त्याची वाहतूक बाहेरून करून घेतली असती तर रोजच्या कामाला बरीच छोटी, साधं पेट्रोल इंजिन असलेली पिकअप पुरली असती. हा पर्याय निघाला तेव्हा मालक म्हणाले, "माझं मशीन मी दुसऱ्याच्या वेळेवर हलवणार नाही," आणि चर्चा पुढे सरकली. तिथे थांबून निदान एका हंगामाचा हिशेब मांडायला हवा होता. धंद्यात वेळ आपल्या हातात असण्याला किंमत असते हे मान्य, पण ती किंमत किती हे कुणी मोजलं नाही.

दुसरं, कामगारांना टेस्ट ड्राइव्हला न्यायला हवं होतं. गाडीत दिवसाचे तास तेच काढतात.

आता त्यांच्या मुलाने शेजारच्या शहरात काम धरलंय. रोज हायवेने जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर, मागे हलका ट्रेलर. त्याच्यासाठी दुसरी पिकअप बघायची आहे. नोंदवही त्याच्याकडूनही मागितली आहे, आणि या वेळी डिझेल यादीत सगळ्यात वर आहे.